वरचं पाणी, खालचं पाणी

मामांनी हट्ट धरला नसता तर ही सहल झालीच नसती. मामा तांडेल. भाऊचा धक्का ते रेवस या मार्गावर लाँच चालवण्यात त्यांची उभी हयात गेली. मी शाळेत भूगोल शिकवते. उधाणाची भरती, भांगाची भरती, सूर्य, चंद्र, पृथ्वी हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर काढत आलेय, आणि मामा दर वेळी म्हणत आलेत, "तुझ्या फळ्यावरच्या भरतीत होडी कुठंय गं?"

त्यांना कोलकात्याची हुगळी नदी बघायची होती. तिथे उधाणाला भरती भिंतीसारखी उभी राहून येते, हे त्यांनी कुणा बंगाली खलाशाकडून चाळीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. ही नदी उन्हाळ्यात दुसरीकडून वळवून आणलेल्या पाण्यावर तग धरते, हे मी त्यांना सांगितलं. मग ठरलं, वरून खाली जायचं. फराक्क्याला गंगेचं पाणी वळवतात तिथून सुरुवात, आणि हुगळीच्या मुखाशी, सागरबेटाजवळ शेवट. फाल्गुनातल्या अमावास्येनंतर लगेचचा पाडवा कोलकात्यात गाठायचा, कारण वर्षातली मोठी उधाणं विषुवदिनाच्या आसपास येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर वरचं पाणी सगळ्यात कमी आणि खालचं सगळ्यात जोरात, असा तो मोका होता.

दिवस पहिला: फराक्का

हावड्याहून गाडीने न्यू फराक्का. स्टेशनातून टोटो केली. इकडे ई-रिक्षाला टोटो म्हणतात. बंधाऱ्यावरून रस्ता आणि रेल्वे दोन्ही जातात, पण थांबायला आणि फोटो काढायला मनाई. जवान शिट्ट्या मारत उभे. त्यामुळे सव्वादोन किलोमीटर लांबीचं आणि 109 दरवाजांचं हे प्रकरण आम्ही टोटोच्या उघड्या बाजूने, माना मोडून पाहिलं. वरच्या अंगाला पाणीच पाणी, खालच्या अंगाला वाळूचे पट्टे आणि त्यांच्यामधून वाट काढणारी गंगा.

नंतर काठावर जाऊन बसलो. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते बघ, दरवाजांच्या अलीकडे पाणी कसं तेल ओतल्यासारखं गुळगुळीत आहे. त्याच्या जवळपास एक तरी होडी दिसते का?"

नव्हती. कोळ्यांच्या होड्या सगळ्या बऱ्याच वर, काठाला धरून होत्या. दरवाजाखालून पाणी सुटतं तेव्हा ओढ खालच्या थरात असते. वर लाट नाही, फेस नाही, म्हणून नवख्या माणसाला ती जागा शांत वाटते. तिथे इंजिन बंद पडलं तर नांगर टाकायलाही वेळ मिळत नाही. नांगर लागला तरी दोर ताणून होडीचं नाक पाण्यात जातं, हे मामांचं वाक्य. त्यांनी ते रेवसच्या खाडीतल्या अनुभवावरून सांगितलं, पण समोरच्या होड्यांनी राखलेलं अंतर तेच सांगत होतं.

बंधाऱ्यामुळे आणखी एक गोष्ट होते. अडलेल्या पाण्यात गाळ बसतो, प्रवाह सरळ येण्याऐवजी तिरका येतो आणि मालदाच्या बाजूचा काठ खात सुटतो. गेल्या वर्षीची खोल वाट या वर्षी वाळूचा चर असू शकते. चर म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, हा शब्द पुढे सहा दिवस आमच्या कानांवर पडत राहिला. गंगेवर जलमार्ग राखणारे लोक यावर जुना उपाय करतात: बांबूच्या तट्ट्या पाण्यात तिरक्या रोवून प्रवाह एका वाटेत ढकलायचा, म्हणजे तोच वाळू उकरतो. त्याला बांडाल म्हणतात. हल्दियापासून प्रयागराजपर्यंतचा हा 1620 किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 काही ठिकाणी अशा बांबूंवर उभा आहे, याची मला गंमत वाटली. मामांना वाटली नाही. "बांबू स्वस्त, परत लावता येतो," एवढंच म्हणाले.

आता पाणी वळवायचं कारण. सर आर्थर कॉटन यांनी 1853 मध्येच सुचवलं होतं की गंगेवर बंधारा घालून पाणी हुगळीकडे वळवावं, नाहीतर कोलकाता बंदर गाळाने भरेल. बांधकाम 1961 साली सुरू झालं आणि 21 एप्रिल 1975 रोजी कालव्यात पाणी सुटलं. उद्दिष्ट 40,000 क्युसेक. म्हणजे सेकंदाला साधारण अकराशे घनमीटर. बंधाऱ्यातून पुराचं 27 लाख क्युसेक पाणी जाऊ शकतं, त्या मानाने 40,000 म्हणजे चिमूटभर. पण उन्हाळ्यात गंगेतच एकूण पाणी 70,000 क्युसेकच्या खाली उतरतं, तेव्हा ही चिमूट दोन देशांत वाटायची असते.

1996 च्या डिसेंबरात भारत आणि बांगलादेशात जो 30 वर्षांचा करार झाला, त्यात 1 जानेवारी ते 31 मे या काळातलं पाणी दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांत वाटलंय. प्रवाह 70,000 किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं. 70 ते 75 हजारांत असेल तर बांगलादेशाला 35,000 आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला 40,000 आणि बाकीचं त्यांना. शिवाय 11 मार्च ते 10 मे या सगळ्यात कोरड्या काळात एक हप्ता याला, एक हप्ता त्याला, असे तीन-तीन हप्ते 35,000 चे हमखास. म्हणजे त्या दोन महिन्यांत हुगळीतल्या वरच्या पाण्याची पातळी दहा दिवसांनी बदलू शकते आणि त्याचा पावसाशी काही संबंध नसतो.

मी हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "रेशनच आहे की."

दिवस दुसरा: कालव्याच्या काठाने

फीडर कालवा 38 किलोमीटरांचा आणि सरळसोट. टोटो, मग बस, मग पुन्हा टोटो असं करत काठाकाठाने खाली आलो. मधे दोनदा खेयाने, म्हणजे तरीने, या काठावरून त्या काठावर गेलो, मामांच्या आग्रहाखातर.

एवढं पाणी वाहतंय आणि त्याला ना वळण, ना भोवरा, ना भरती. जलपर्णीचे पुंजके एका रांगेत, एका वेगाने खाली चालले होते. मामांनी एक पुंजका धरला आणि काठावरच्या दोन खांबांमधलं अंतर तो किती वेळात कापतो ते घड्याळावर मोजलं. ही त्यांची जुनी सवय. तरीवाला पोरगा होडीचं नाक प्रवाहाच्या थोडं वर धरून तिरका निघाला आणि बरोबर समोरच्या घाटावर लागला. "हा कायम इथेच चालवतो ना? याला खाडीत नेलं तर पहिल्याच दिवशी चुकेल," मामा मराठीत म्हणाले. "इथली ओढ कायम एकीकडे. याच्या हाताला दुसरी बाजूच माहीत नाही."

दुपारी अहिरणजवळ कालवा भागीरथीला मिळतो ते पाहिलं. भागीरथी म्हणजे हुगळीचंच वरचं नाव. तिथून थोडं वर जंगीपूरला दुसरा, छोटा बंधारा आहे, आणि तो कशासाठी हे समजायला मला नकाशा दोनदा उलटा धरावा लागला. भागीरथी पूर्वी थेट गंगेतून निघायची, पण तिचं तोंड गाळाने इतकं वर उचललं गेलं होतं की वर्षाचे बरेच महिने त्यात पाणीच शिरत नसे. आता कालव्याने खालून पाणी आणून सोडलं, तर ते त्या जुन्या तोंडातून उलटं गंगेत परत जाईल. ते जाऊ नये म्हणून जंगीपूरचं दार. एकदा पाणी वळवलं की त्याला घरी परत जाण्यापासूनही अडवावं लागतं!

पुढच्या पात्रात मात्र गंमत संपली. कालव्यातून आलेलं पाणी तुलनेने स्वच्छ, गाळ मागे सोडून आलेलं. ते जुन्या, वाकड्या पात्रात शिरतं आणि वळणांचे काठ कापतं. काठ कापला की झाडं, बांबूची बेटं, कधी घाटाच्या पायऱ्या पाण्यात. रात्री होडी चालवणाऱ्याला बुडालेलं झाड वाळूपेक्षा वाईट. वाळूत होडी रुतते, झाडावर फाटते.

दिवस तिसरा: नवद्वीप

सगळा दिवस प्रवासात गेला. नवद्वीपला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. समोरच्या स्वरूपगंजला जलंगी नदी येऊन मिळते. मंदिरं पाहिली नाहीत याबद्दल घरी बोलणी बसली, ती बसू देत.

आम्ही आलो होतो एका रेषेसाठी. समुद्राची भरती हुगळीतून वर येत येत याच परिसरात मरते. मामांनी पाण्याच्या कडेला चिखलात काडी रोवली आणि आम्ही चहा पीत बसलो. तासाभरात काडीपाशी पाणी बोटभर चढलं, मग तिथेच राहिलं. जलपर्णीचा वेग थोडा मंदावला. उलटी मात्र ती फिरली नाही.

"इतक्या लांब येऊन समुद्र एवढाच उरला?" मी म्हटलं.

"उरला हेच पुष्कळ. अडीचशेच्या वर किलोमीटर चालत आलाय तो," मामा म्हणाले आणि काडी उपटून पिशवीत ठेवली.

दिवस चौथा: पाडवा, कोलकाता

सकाळी खोलीच्या खिडकीत गुढी उभारायची सोय नव्हती. कडुलिंब मात्र मिळाला. बंगाली लोक चैत्रात कडुलिंबाची कोवळी पानं वांग्यासोबत तळून खातात, त्यामुळे बाजारात जुड्याच होत्या. पानं आणि गूळ तोंडात टाकून नऊ वाजता आम्ही अहिरीटोला घाटावर.

आधी हे लक्षात घ्या की हुगळीची भरती आणि ओहोटी सारख्या लांबीच्या नसतात. समुद्रातून येणारी भरतीची लाट उथळ, अरुंद होत जाणाऱ्या पात्रात शिरली की तिचा पुढचा भाग अडखळतो, मागचा त्याच्यावर चढतो. त्यामुळे कोलकात्यात पाणी थोड्या तासांत झपाट्याने चढतं आणि मग त्याच्या जवळपास दुप्पट वेळ हळूहळू उतरत राहतं. चढणारं पाणी जोरात, म्हणून ते समुद्राकडची वाळू आणि गाळ वर आणतं. उतरणारं मंद, म्हणून ते सगळा गाळ परत नेऊ शकत नाही. पावसाळ्यात वरून पूर येतो आणि साचलेलं ढकलून देतो. उन्हाळ्यात ढकलणारं कोणी नसतं. फराक्क्याचे 40,000 क्युसेक याच ओहोटीला मदत म्हणून आणले, ही सगळी योजना. उधाण खूप मोठं आणि नदीतलं पाणी खूप कमी असं झालं की अडखळलेली लाट पार उभीच राहते. तोच बान.

दहाच्या सुमारास घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. शेवाळलेल्या, चिखलाच्या, एरवी कधी न दिसणाऱ्या. पाणी अजून समुद्राकडेच चाललेलं. पोलिसांनी भोंग्यावरून लोकांना वर यायला सांगितलं, अंघोळ करणाऱ्या दोघांना अक्षरशः हाताला धरून आणलं. फेरी बंद झाली. आणि मग घाटाला बांधलेल्या लहान होड्या एकेक करून सुटल्या आणि नदीच्या मध्याकडे निघाल्या.

मला हे कळेना. लाट येणार आहे तर काठाला घट्ट बांधून राहायचं की नाही?

मामा मात्र उभे राहिले होते. "बरोबर. अगदी बरोबर," ते म्हणत होते. "काठाशी पाणी उथळ, लाट तिथे फुटणार. होडी आडवी सापडली की पायऱ्यांवर आपटून फळकुटं. मधे खोल आहे, तिथे ती नुसती फुगून जाईल. आणि नाक तिच्याकडे पाहिजे. नाक!"

सव्वाअकराला खालून आरडाओरडा ऐकू आला. "बान! बान!" एका घाटावरून दुसऱ्या घाटावर हाक पुढे सरकत आली. मग दक्षिणेकडून, हावडा पुलाखालून, एक मळकी पांढरी रेघ आली. मध्यावर ती फक्त गोल उंचवटा होती. दोन्ही काठांवर मात्र फेसाळती, माणसाच्या कमरेहून उंच भिंत, आणि आवाज मालगाडीसारखा. मधल्या होड्यांनी नाकं वर केली, खाली टाकली, पुन्हा वर केली. झालं त्यांचं. आमच्या घाटावर एक रिकामी होडी कुणीतरी बांधून ठेवली होती. लाटेने ती उचलली, दोर ताणला, तुटला, आणि होडी सातव्या पायरीवर आडवी ठेवून लाट पुढे निघून गेली.

त्यानंतर जे झालं ते मला लाटेपेक्षा भीतीदायक वाटलं. लाट गेली आणि तिच्यामागे सगळी नदी उलटी धावू लागली. दोन मिनिटांपूर्वी डावीकडे जाणारी जलपर्णी आता उजवीकडे, माणूस पळेल इतक्या वेगाने. नदीतले बोये, म्हणजे वाटेच्या तरंगत्या खुणा, उलट्या बाजूला कलले. अर्ध्या तासात पाच पायऱ्या पाण्याखाली. मामांनी पुंजका मोजायचा प्रयत्न केला, मग घड्याळ खिशात टाकलं.

"आता विचार कर, इथे मोठं जहाज दोरांवर उभं आहे. एका क्षणात ओढ या टोकाकडून त्या टोकाला. मागचे दोर सैल, पुढच्यांवर सगळा भार." हुगळीत बानाच्या दिवसांत नदीतल्या जहाजांचे दोर, साखळ्या वाढवायची पद्धत का पडली ते त्या घाटावर उभं राहिल्यावर आपोआप कळतं. धंद्याची जहाजं तर नदीत न थांबता, दरवाजे लावून पाणी आत अडवलेल्या गोदीत जातात. खिदिरपूरची गोदी 1892 ची, तिच्या शेजारची 1920 च्या दशकाअखेरची, आणि दोन्हींचे दरवाजे उघडायचे ते भरतीच्या तासांत. भरतीच्या भरवशावर जहाज येतं, आणि त्याच भरतीपासून लपायला आत जातं.

संध्याकाळी बाबूघाटाकडे चालत गेलो. एका निवृत्त सुकानीशी, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या माणसाशी, मामांची गाठ पडली. दोघांची भाषा एक नाही. मी मधे हिंदीत भर घालत होते, पण लवकरच माझी गरज उरली नाही. दोघं कागदावर नदी काढत बसले.

त्या कागदावरून मला समजलं ते असं. समुद्रात जिथे पायलट, म्हणजे नदीची वाट दाखवणारा माणूस, जहाजावर चढतो त्या सँडहेड्सपासून कोलकात्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि नदीचा पायलट घेतल्याशिवाय जहाज आणता येत नाही. जगातल्या सगळ्यात लांब पायलट-वाटांमध्ये ही गणली जाते. वाटेत आडवे उंचवटे आहेत, त्यांना बार म्हणतात. ओहोटीला त्यांच्यावर जहाजापुरतं पाणी नसतं. वर येणाऱ्या जहाजाचं नशीब बरं: भरतीचा माथा सागरबेटाकडून वर सरकत असतो, जहाज त्याच्याबरोबर सरकत राहतं, आणि प्रत्येक बारवर पोचतं तेव्हा तिथे पाणी चढलेलं असतं. खाली जाणाऱ्याचं उलट. ते माथ्याच्या विरुद्ध दिशेने जातं. कोलकात्यातून भरपूर पाण्यावर निघालं तरी खाली पोचेपर्यंत तिथलं पाणी उतरलेलं. मग डायमंड हार्बर किंवा कुलपीला नांगर टाकायचा आणि दुसऱ्या भरतीची वाट बघायची.

आणि वर येतानाही सुख नाहीच. पाठीमागून पाणी ढकलत असतं तेव्हा काठाच्या हिशेबाने जहाज धावतं, पण सुकाणूवरून पाणी त्या मानाने कमीच वाहतं. वेग कमी केला की सुकाणू ऐकत नाही. वेग वाढवला तर उथळ पाण्यात जहाज आणखी खाली बसतं आणि तळ वाळूला लागण्याची भीती. सुकानीने कागदावर बोट ठेवून तळहात खाली दाबून दाखवला. मामांनी मान हलवली. लाँचलाही हे होतं, म्हणाले, गाळाच्या वाटेत जोर मारला की मागचा भाग बसतो.

दिवस पाचवा: गादियाडा

गादियाडा, गेओंखाली, नूरपूर अशी तीन काठांची तीन गावं, आणि त्यांच्यामध्ये फेरी. इथे रूपनारायण नदी हुगळीला मिळते. थोडं वर, फाल्ट्याच्या समोर, दामोदर मिळते. या दोन तोंडांच्या मधली वाळू म्हणजे जेम्स अँड मेरी. 24 सप्टेंबर 1694 रोजी रॉयल जेम्स अँड मेरी नावाचं जहाज इथे बुडालं आणि वाळूने त्याचं नाव घेतलं.

दुपारी तीनला, पूर्ण ओहोटीत, आम्ही नूरपूरकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. मामा सारेंगच्या, म्हणजे लाँच चालवणाऱ्याच्या, शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी हटकलं नाही. कामाची माणसं एकमेकांना ओळखतात बहुतेक. रूपनारायणचं पाणी उजवीकडून येत होतं, हुगळीचं डावीकडून, आणि दोन्ही जिथे भेटत होती तिथे पाण्यावर शिवण घातल्यासारखी फेसाची रेघ होती. रेघेच्या या बाजूला मातकट, त्या बाजूला थोडं काळसर. लाँचने रेघ ओलांडली आणि नाक एकदम बाजूला झुकलं. पुढचा भाग एका नदीत, मागचा दुसरीत. सारेंगने आधीच चाक फिरवायला घेतलं होतं. झुकल्यावर फिरवून उपयोग नाही, एवढं मलाही कळलं.

लाँच लहान, ती सावरते. दीडशे मीटर लांबीच्या जहाजाच्या दोन टोकांना दोन वेगळे प्रवाह लागले तर? इथल्या वाळूची जुनी ख्याती अशी की जहाज तिला टेकलं की प्रवाह त्याला आडवं धरतो, एका बाजूने वाळू धुतो, दुसऱ्या बाजूने ढकलतो, आणि ते काही मिनिटांत उलथतं. शिडाच्या काळात माणसं डेकवरून होडीत उतरेपर्यंतही वेळ मिळत नसे.

इथे मला दामोदरबद्दल बोलायचंय, कारण पाणी वळवणं म्हटलं की सगळे फराक्क्याचं नाव घेतात. दामोदर खोरे महामंडळ 1948 चं. 1950 च्या दशकात तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणं झाली. पूर आटोक्यात आले, चांगलंच झालं. पण दामोदरचे पूर याच जागी हुगळीत येऊन आपटायचे आणि साचलेली वाळू समुद्राकडे ढकलायचे. पश्चिम बंगालमधले अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी त्या काळीच म्हटलं होतं की धरणांमुळे हुगळीचा गाळ वाढेल, आणि फराक्क्याच्या पाण्याने तो जाईल ही आशा फोल आहे. त्यांना फार विरोध सहन करावा लागला. आज कोलकात्याच्या पाण्यातला खारटपणा कमी झाला, हे फराक्क्याचं खरं श्रेय. मात्र खालच्या रुंद पात्रातला गाळ उपसायचं काम कमी झालं नाही, वाढलं. माझं मत विचाराल तर वरून अकराशे घनमीटर आणून, खालून दिवसातून दोनदा येणाऱ्या समुद्राला उत्तर देणं मुळातच अवघड हिशेब होता. दामोदरचा पूर निदान एकदम, जोरात यायचा. फराक्क्याचं पाणी रेशनसारखं येतं.

मामा सारेंगकडून परत आले तेव्हा खूश होते. "तो म्हणतो, पुढल्या महिन्यात ही रेघ इथे नसेल. वाळू हलली की रेघ हलते. मी विचारलं, मग तुला कसं कळतं? तर म्हणतो, रोज बघतो."

दिवस सहावा: मुरीगंगा

डायमंड हार्बरला नदी इतकी रुंद की समोरचा काठ धुरकट पट्टी. पुढे नयाचर नावाचं बेट दिसतं. नदीने आणलेल्या गाळाचं, डोळ्यांदेखत वाढलेलं. त्याच्यापलीकडे हल्दिया. कोलकात्याची वाट मोठ्या जहाजांना पुरेना म्हणून 1977 मध्ये हल्दियाची गोदी झाली, आणि आता हल्दियाच्या वाटेतही गाळ उपसणारे ड्रेजर अखंड चालू असतात. खाली घोडामारा बेट आहे, ते झिजत चाललंय. एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवायचं, असा उद्योग नदी करत असते, आणि नकाशे छापणाऱ्यांची दमछाक.

काकद्वीपजवळच्या लॉट आठ या धक्क्यावर पावणेचारला पोचलो. सागरबेटाकडे जायला मुरीगंगा ओलांडावी लागते. ही हुगळीची पूर्वेकडची शाखा, गाळाने भरत आलेली. ओहोटीच्या तीन-चार तासांत फेरी चालत नाही, पाटीवर वेळा लिहिलेल्या असतात. आज सहाच्या सुमारास पाणी तळाला जाणार होतं. पाटीप्रमाणे फेरी बंद व्हायला हवी होती. पण यात्रेकरूंचा एक मोठा घोळका ओरडत होता, आणि एक लाँच "शेवटची" म्हणत सुटली.

मामांनी पाण्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "नको," म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, शेवटची आहे. नाहीतर रात्र इथेच."

चढलो. चूक माझी. वीस मिनिटांनी, अर्ध्या वाटेवर, लाँच हळूच थांबली. धक्का नाही, आवाज नाही. कोणी पायाखाली उशी सरकवावी तसं. इंजिनाने मागे ओढून पाहिलं, चिखल उसळला, आणि मागून पंख्याचा घरघराट येऊ लागला. मामा पुढे गेले आणि हातानेच खूण केली: बंद कर. मागे जोर मारला की पंख्याखालची वाळू उकरली जाऊन पुढच्या भागाखाली साचते, लाँच आणखी बसते. सारेंगने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

मग माणसं हलवली. फोटो काढायला सगळे एका बाजूला धावत होते, लाँच कलत होती. मामांना बंगाली येत नाही, पण ओरडण्याला भाषा लागत नाही. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, मुलं मधे, सगळे खाली बसा. सारेंगने पुढून एक नांगर टाकला, कारण भरती लागली की लाँच सुटताच पाणी तिला आडवी करणार आणि चराच्या मध्यावर नेऊन ठेवणार. नाक खालच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे धरून ठेवायचं होतं.

पाच वाजेपर्यंत आमच्याभोवती वाळू उघडी पडली. शंभरएक माणसं लाँचमध्ये, आणि चारी बाजूंना ओला, चमकणारा चिखल, त्यावर बगळे. दोन पोरं खाली उतरायला निघाली, त्यांना मागे खेचलं. ही वाळू वरून घट्ट दिसते आणि गुडघ्यापर्यंत घेते. कुणीतरी मुरमुरे काढले. एका आजीने कीर्तन सुरू केलं. पश्चिमेला, हुगळीच्या मुख्य वाटेवर, सागरबेटाजवळ नांगरलेल्या जहाजांचे दिवे लागले. तीही आमच्यासारखी पाण्याचीच वाट बघत होती, फक्त त्यांना तिकीट देताना कुणी "शेवटची" म्हटलं नव्हतं.

मी मामांना म्हटलं, "तुमचं ऐकायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले आणि पिशवीतून नवद्वीपची काडी काढून लाँचच्या शिडीवरून खाली वाकून चिखलात रोवली.

साडेसहानंतर पहिल्यांदा काडीच्या बुडाशी पाणी चमकलं. मग चिखलातल्या खाचांतून बोटभर रुंदीचे ओहोळ आले, उलटे, समुद्राकडून. सातला काडी अर्धी बुडाली. जलपर्णीचा एक वाळका पुंजका, कोण जाणे कुठल्या कालव्यातून, किती दिवसांनी इथवर आलेला, आमच्या शेजारून पुन्हा वर निघाला. नांगराचा दोर ताणला. नाक पाण्याकडेच राहिलं. पावणेआठला लाँच एकदा डोलली, आणि सारेंगने इंजिन चालू करण्याआधी मामांकडे बघितलं.

"थांब," मामांनी हात वर केला. "अजून दहा मिनिटं."